वीस मिलिसेकंदांतला निवाडा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सोनईच्या शिवारातून जाणाऱ्या विजेच्या तारांना वर्षातून दोन मोसम अवघड जातात. पहिला वळवाचा. मे महिन्यातल्या वादळात तारा एकमेकींवर आदळतात, फांद्या मोडून लाइनवर पडतात. दुसरा ऊसतोडीचा. लाइनखालच्या फडात पाचट पेटलं, की तापलेली हवा आणि धूर यांमुळे दोन तारांमधल्या हवेची वीज अडवण्याची ताकद घटते आणि तारांमध्ये ठिणगी पडते. गावात याचं वर्णन ‘लाइट गेली’ एवढंच होतं. वायरमन म्हणतो, फीडर ट्रिप झाला. फॉल्ट म्हणजे असा बिघाड होणं आणि फीडर ट्रिप होणं, म्हणजे ब्रेकरने पुरवठा तोडणं, या दोन घटनांच्या मध्ये मात्र एक अतिशय छोटा काळ असतो. त्या काळात सबस्टेशनच्या पॅनेलमध्ये बसवलेला रिले ठरवतो की हा खरोखर फॉल्ट आहे का, तो कोणत्या दिशेला आहे, किती लांब आहे आणि ब्रेकर उघडायचा की थांबायचं.

हा काळ किती छोटा असावा, याचे नियम आहेत. भारताच्या ग्रीड संहितेनुसार ४०० केव्हीच्या लाइनवरचा फॉल्ट १०० मिलिसेकंदांत आणि २२० किंवा १३२ केव्हीच्या लाइनवरचा १६० मिलिसेकंदांत तुटला पाहिजे. यातला मोठा वाटा ब्रेकरचे संपर्क उघडून त्यांच्यातली ज्वाला विझण्यात जातो. रिलेच्या वाट्याला विचार करायला उरतं ते प्रवाहाचं एखादं आवर्तन, म्हणजे साधारण वीस मिलिसेकंद. तेवढ्यात त्याला पिसाळलेल्या प्रवाहातून दोन आकडे काढायचे असतात. ते कसे काढतात, त्यात चूक कुठून शिरते आणि ती कशी बाहेर काढता येते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

दोन आकड्यांचा बाण

आपल्या घरात येणारा प्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. असा प्रवाह दर क्षणी वेगळा असतो, त्यामुळे ‘आत्ता किती?’ या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत ते शिळं झालेलं असतं. लाट एकसारखी असेल, तर तिच्याविषयी दोनच गोष्टी सांगाव्या लागतात. ती किती उंच आहे, आणि ठरवलेल्या क्षणी ती आपल्या आवर्तनात कुठे आहे. पहिली गोष्ट म्हणजे परिमाण, दुसरी म्हणजे कोन. कागदावर एक बाण काढला, त्याची लांबी परिमाणाइतकी आणि कल कोनाइतका ठेवला, की संपूर्ण लाट त्या एका बाणात मावते. या बाणाला फेजर म्हणतात. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत ही गणिती रीत मांडली आणि प्रत्यावर्ती प्रवाहाची किचकट गणितं बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकारावर आली.

संरक्षणात या बाणाची लांबी आणि कल दोन्ही लागतात. व्होल्टेजच्या फेजरला करंटच्या फेजरने भागलं, की रिलेपासून फॉल्टपर्यंतच्या तारेचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, मिळतो. त्याचा मुख्य भाग असलेली २२० केव्हीच्या लाइनची रिअ‍ॅक्टन्स किलोमीटरला साधारण ०.४ ओहम असते. म्हणजे ११.२ ओहम आले, तर फॉल्ट २८ किलोमीटरवर. अंतर मोजणाऱ्या रिलेचं सारं तत्त्व या भागाकारात आहे. कोनातून दिशा कळते. सोनईचा मुळा सहकारी साखर कारखाना ज्या ऊसपट्ट्यात आहे, त्या पट्ट्यातले अनेक कारखाने गळिताच्या हंगामात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज तयार करून ग्रीडला देतात. अशा ठिकाणी फॉल्टला दोन्ही बाजूंनी करंट मिळतो. फॉल्ट लाइनवर आहे की मागे कारखान्याच्या अंगणात, हे नुसता करंट किती वाढला यावरून सांगता येत नाही. ते कोन सांगतो. कोन चुकला, तर निरोगी लाइन तुटते आणि आजारी लाइन तशीच राहते.

चार नमुन्यांचं गणित

रिलेपर्यंत हजारो अ‍ॅम्पियर थेट येत नाहीत. सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर तो प्रवाह ठरलेल्या प्रमाणात लहान करून देतो, आणि आजचा संगणकीय रिले त्याचे ठरावीक अंतराने नमुने घेतो. एका आवर्तनात १६ नमुने घेतले, तर दर १.२५ मिलिसेकंदाला एक आकडा येतो. आपण हाताने करता येईल म्हणून चारच नमुने घेऊ, दर ५ मिलिसेकंदाला एक.

समजा, चार आकडे आले: ३०००, उणे ४०००, उणे ३००० आणि ४००० अ‍ॅम्पियर. पहिल्यातून तिसरा वजा करून अर्धा करा: ३०००. चौथ्यातून दुसरा वजा करून अर्धा करा: ४०००. हे बाणाचे आडवे आणि उभे घटक झाले. पायथागोरसच्या प्रमेयाने बाणाची लांबी ५००० अ‍ॅम्पियर, कोन सुमारे ५३ अंश. दोन वजाबाक्यांत लाट ओळखली गेली. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांनी उष्णतेच्या प्रसाराचा अभ्यास करताना जे गणित १८२२ साली ग्रंथरूपाने मांडलं, त्याचं हे सर्वांत छोटं रूप. नमुने १६ असोत की ६४, रिलेच्या आत मूळ कृती हीच असते: प्रत्येक नमुन्याला ठरलेल्या गुणकाने गुणायचं आणि बेरीज करायची. नवा नमुना आला की सर्वांत जुना टाकायचा आणि बाण पुन्हा काढायचा. नमुन्यांच्या या सरकत्या संचाला खिडकी म्हणतात.

या रीतीत आणखी एक गुण आहे. लाटेवर एखादा स्थिर आकडा चढलेला असेल, समजा प्रत्येक नमुन्यात १००० जास्तीचे आले, तर वजाबाकीत ते आपोआप उडून जातात. अडचण येते ती चढलेला आकडा स्थिर नसतो तेव्हा. फॉल्टच्या वेळी नेमकं तेच घडतं.

ओसरणारा पाहुणा

तारेची कॉइलसारखी वागण्याची जी वृत्ती असते, तिला इंडक्टन्स म्हणतात. तिच्यामुळे करंट एका क्षणात उडी मारू शकत नाही. उसाने भरलेली ट्रॉली ब्रेक दाबल्याबरोबर जागच्या जागी थांबत नाही, तसंच. समजा, फॉल्ट अशा क्षणी झाला की परिपथाच्या नियमानुसार फॉल्टचा करंट त्या वेळी ५००० अ‍ॅम्पियरच्या शिखरावर असायला हवा होता. प्रत्यक्षात त्या क्षणी करंट जवळपास शून्य आहे. ही तफावत भरून काढायला लाटेवर उणे ५००० अ‍ॅम्पियरचा एक जास्तीचा प्रवाह चढतो. तो एकाच दिशेचा असतो आणि हळूहळू ओसरतो. त्याला ओसरता डीसी घटक म्हणतात. किती वेगाने ओसरायचं, हे वाटेतल्या इंडक्टन्स आणि रेझिस्टन्सच्या गुणोत्तरावर ठरतं. ते गुणोत्तर २० मिलिसेकंद असेल, तर एका आवर्तनात तो मूळच्या ३७ टक्क्यांवर येतो. जनरेटरच्या जवळ, मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी तो याहून बराच काळ रेंगाळतो.

आता तेच गणित पुन्हा करू. शुद्ध लाटेचे नमुने असते ५०००, ०, उणे ५००० आणि ०. त्यावर ओसरता घटक चढला: उणे ५०००, उणे ३८९४, उणे ३०३३, उणे २३६२. रिलेला प्रत्यक्षात दिसले ०, उणे ३८९४, उणे ८०३३ आणि उणे २३६२. दोन वजाबाक्या केल्या, तर आडवा घटक ४०१६ आणि उभा ७६६. बाणाची लांबी निघते ४०८८ अ‍ॅम्पियर. खरा आकडा ५०००. रिलेने करंट १८ टक्के कमी मोजला, शिवाय शून्य अंशाचा कोन जवळजवळ ११ अंशांनी फिरला.

याचा अर्थ जमिनीवर काय होतो? ४० किलोमीटरची लाइन घ्या. अशा लाइनवर रिलेच्या पहिल्या टप्प्याची पोहोच साधारण ८० टक्के, म्हणजे ३२ किलोमीटर ठेवतात. त्या टप्प्यातला फॉल्ट तो क्षणाचाही विलंब न लावता तोडतो. फॉल्ट २८ किलोमीटरवर झाला आहे. करंट कमी मोजला गेल्यामुळे इम्पीडन्स जास्त निघतो आणि तोच फॉल्ट ३४ किलोमीटरवर भासतो. रिले थांबतो. जिथे धावायला हवं होतं, तिथे तो वाट पाहतो. अर्ध्या आवर्तनानंतर खिडकी पुढे सरकली, की चूक उलटी होते. आता लांबी ५६१६ अ‍ॅम्पियर निघते, १२ टक्के जास्त. या वेळी ३५ किलोमीटरवरचा फॉल्टही ३१ किलोमीटरवर भासतो आणि रिलेची ३२ किलोमीटरची पोहोच नकळत ३६ वर जाते. सावधगिरी म्हणून पलीकडे राखलेल्या ८ किलोमीटरपैकी निम्मे इथेच खर्च झाले. सीटी आणि व्होल्टेज लहान करून देणारा पीटी यांच्या चुका अजून बाकीच आहेत. बाण स्थिर व्हायची वाट पाहावी, तर वेळ हातातून जातो. घाई केली, तर चुकीचा निवाडा होतो. संगणकीय संरक्षणातलं गेल्या पन्नास वर्षांचं बरंच संशोधन या पेचाभोवती झालं आहे.

नियम सापडला की वजाबाकी

सुटका कुठे आहे, ते पाहण्यासाठी त्याच आकड्यांकडे पुन्हा पाहू. ओसरता घटक लाटेला बिघडवतो खरा, पण तो स्वतः बेशिस्त नाही. दर ५ मिलिसेकंदांनी तो आधीच्या ०.७७८८ पट होतो. प्रत्येक वेळी तेवढाच, न चुकता. ज्या गोष्टीला नियम आहे, ती ओळखता येते, आणि जी ओळखता येते ती वजा करता येते.

पहिली वाट अशी की हे गुणोत्तर आधीच माहीत आहे असं धरायचं. मग प्रत्येक नमुन्यातून आधीच्या नमुन्याचे ०.७७८८ पट वजा केले, की ओसरता घटक शून्य होतो, आणि उरलेल्या लाटेची उंची व कोन किती बदलले हे ठाऊक असल्याने ते दुरुस्त करता येतात. जुन्या रिलेंमध्ये हेच काम कॉइल आणि रेझिस्टन्सचा एक छोटा परिपथ करत असे. त्याला मिमिक म्हणत, कारण तो लाइनची नक्कल करायचा. गॅब्रिएल बेनमुयाल यांनी १९९५ साली त्याची संगणकीय आवृत्ती मांडली आणि ती खूप वापरली गेली. तिची मर्यादा अशी की फॉल्टच्या जागी ज्वाला, ओली फांदी किंवा कोरडी जमीन असेल, तर वाटेत रेझिस्टन्सची भर पडते आणि खरं गुणोत्तर धरलेल्या आकड्यापेक्षा वेगळं निघतं.

दुसरी वाट गुणोत्तर नमुन्यांकडूनच वदवून घेते. शुद्ध लाटेच्या एका पूर्ण आवर्तनातल्या नमुन्यांची बेरीज नेहमी शून्य असते. जितकं वर, तितकंच खाली. म्हणून आपल्या चार बिघडलेल्या नमुन्यांची बेरीज घेतली, तर लाट आपोआप गळून पडते आणि उरतो तो फक्त ओसरता घटक: उणे १४,२८९. आता एक नमुना पुढे सरका. पाचवा नमुना आहे ३१६१. पहिला सोडून पुढच्या चारांची बेरीज येते उणे ११,१२८. दुसऱ्या बेरजेला पहिलीने भागा: ०.७७८८. कुणी आधी सांगितलं नव्हतं, तरी गुणोत्तर सापडलं. आता १४,२८९ ला १, ०.७७८८, ०.६०६५ आणि ०.४७२४ यांच्या बेरजेने, म्हणजे २.८५७७ ने भागा. उत्तर येतं ५०००. घटक किती उंचीपासून ओसरायला लागला, तेही कळलं. प्रत्येक नमुन्यातून त्याचा वाटा वजा केला, की ५०००, ०, उणे ५०००, ० ही लाट जशीच्या तशी हाती येते. हे सगळं फक्त एक जास्तीचा नमुना घेऊन झालं. कुठल्याही विद्यार्थ्याने वहीत हे एकदा स्वतः करून पाहावं. एका आवर्तनाच्या आत, गोंधळातून खरा आकडा बाहेर येताना पाहण्याचा आनंद वाचून मिळत नाही.

प्रत्यक्ष रिलेमध्ये या रीतीलाही कुंपण घालावं लागतं. फॉल्ट अशा क्षणी झाला की ओसरता घटक अगदी लहान आहे, तर दोन्ही बेरजा जवळपास शून्य होतात, आणि लहान आकड्याला लहान आकड्याने भागताना थोडासा गोंगाटही उत्तर कुठल्या कुठे नेतो. म्हणून बेरीज ठरावीक मर्यादेपेक्षा लहान असेल, तर दुरुस्ती करायचीच नाही, असा नियम घालतात. सीटीचा लोखंडी गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून गेला, तर तो लाटेचा माथाच कापून टाकतो. तेव्हा वरचं गृहीतकच मोडतं आणि आधी कापलेला भाग ओळखावा लागतो. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठातले एम. एस. सचदेव आणि त्यांचे सहकारी बॅरिबो यांनी १९७९ साली लाट आणि ओसरता घटक दोन्ही एकत्र धरून किमान वर्गांच्या पद्धतीने सोडवण्याचा मार्ग दिला. इतरांनी कालमन फिल्टर वापरला. वाटा अनेक आहेत, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच विचार आहे: बिघाडाचा आकार आधी समजून घ्या.

महाराष्ट्रातल्या विद्युत अभियंत्यांना हा विचार शिकवणारे शिक्षक घरचेच आहेत. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेशी जोडलेले वाय. जी. पैठणकर आणि एस. आर. भिडे यांचं ‘फंडामेंटल्स ऑफ पॉवर सिस्टिम प्रोटेक्शन’ हे पाठ्यपुस्तक देशभर वाचलं जातं. आयआयटी मुंबईचे एस. ए. सोमण यांचा याच विषयावरचा एनपीटीईएल अभ्यासक्रम कुणालाही फुकट ऐकता येतो.

ग्वाल्हेरचे फडके

या बाणाला रिलेच्या पेटीतून बाहेर काढून साऱ्या ग्रीडचं मोजमाप बनवलं, ते अरुण फडके यांनी. १९३८ साली ग्वाल्हेरमध्ये जन्मलेले फडके आयआयटी खरगपूरला शिकले, पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या कंपनीत संगणकीय रिलेवर काम सुरू केलं. तीन तारांच्या लाइनवर दहा प्रकारचे फॉल्ट होऊ शकतात, आणि ते ओळखायला सहा वेगवेगळी इम्पीडन्स समीकरणं सतत सोडवावी लागतात. सत्तरच्या दशकातल्या संगणकांना एका आवर्तनात एवढं झेपत नव्हतं. फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ साली फोर्टेस्क्यू यांनी दिलेल्या सममित घटकांच्या रीतीचा आधार घेऊन सगळे प्रकार एकाच समीकरणात बसवले.

त्या समीकरणासाठी व्होल्टेज आणि करंटचे सममित घटक, म्हणजे तिन्ही तारांचे मिळून बनणारे फेजर, फार अचूक काढावे लागत. ही अचूकता रिलेपुरती ठेवायची कशाला? दोन दूरच्या सबस्टेशनांचे बाण एकाच क्षणी मोजले, तर त्यांच्या कोनांतला फरक सांगेल की मधल्या लाइनांवर किती ताण आहे. अडचण होती ती ‘एकाच क्षणी’ या अटीची. जीपीएस उपग्रहांच्या घड्याळाने ती सोडवली. त्या घड्याळाची अचूकता मायक्रोसेकंदाइतकी, आणि ५० हर्ट्झवर एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे कोनात फक्त ०.०१८ अंश. १९८८ साली व्हर्जिनिया टेकमध्ये फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या गटाने पहिलं फेजर मापन यंत्र उभं केलं. त्याला आज जगभर पीएमयू म्हणतात. २००८ साली या दोघांना विद्युत अभियांत्रिकीचं बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं. आज भारताच्या ग्रीडवरही अशी यंत्रं मोठ्या संख्येने बसवलेली आहेत.

बरोबर आकडा, चुकीचा अर्थ

३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास ४०० केव्हीची बीना–ग्वाल्हेर लाइन तुटली आणि उत्तर भारताचं ग्रीड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तीन ग्रीड गेली. सुमारे ४८ हजार मेगावॉटचा पुरवठा थांबला आणि साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात अंधार झाला. चौकशीत निघालं की पहिल्या रात्री त्या लाइनवर फॉल्ट नव्हता. लाइनवर भार फार होता, व्होल्टेज खाली आलं होतं. रिलेने व्होल्टेजच्या बाणाला करंटच्या बाणाने भागलं, भागाकार अचूक आला; पण तो आकडा इतका लहान होता की तो रिलेच्या तिसऱ्या, सर्वांत लांबच्या टप्प्यात पडला. रिलेने त्याचा अर्थ दूरचा फॉल्ट असा लावला.

या घटनेकडे रिलेचा दोष म्हणून पाहणं अपुरं आहे. फॉल्टच्या वाटेत मुख्यतः रिअ‍ॅक्टन्स असते, त्यामुळे इम्पीडन्सचा कोन मोठा असतो; भाराचा कोन लहान असतो. हा फरक बाणाच्या कलात लिहिलेला असतो आणि टप्प्याचा आकार त्यानुसार कोरता येतो. म्हणजे मोजमाप जितकं महत्त्वाचं, तितकंच त्यावर काय ठरवायचं याचं शहाणपण. फेजर अचूक काढणं ही निवाड्याची पहिली पायरी आहे, सगळा निवाडा नव्हे.

नवे स्रोत, नवा नियम

आता हा विषय पुन्हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या शेतात येतो. शेतीच्या फीडरला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीपासून सुरू झाली. सौर प्रकल्प ग्रीडला जोडला जातो तो इन्व्हर्टरमार्फत. जनरेटर फॉल्टच्या वेळी आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट करंट देतो. इन्व्हर्टरमधले अर्धवाहक स्विच एवढं सोसू शकत नाहीत, म्हणून त्याचं नियंत्रण करंट नेहमीच्या जेमतेम सव्वापट-दीडपटीवर रोखतं. त्या करंटचा कोनही तारेच्या इंडक्टन्सने ठरत नाही. तो इन्व्हर्टरच्या आत लिहिलेल्या प्रोग्रॅमने ठरतो. कारखान्याच्या जनरेटरकडून येणारा ओसरता घटक बराच काळ रेंगाळतो, इन्व्हर्टरकडून येणाऱ्या करंटमध्ये तो त्या स्वरूपात सापडतच नाही. एकाच तालुक्यात बगॅसवरचा जनरेटर आणि सौर प्रकल्प दोन्ही असतील, तर तिथल्या रिलेला एकाच वेळी दोन वेगळ्या नियमांचे प्रवाह ओळखावे लागतात.

म्हणून वर पाहिलेली वजाबाकी आंधळेपणाने सगळीकडे लावता येणार नाही. प्रत्येक ठिकाणी आधी विचारावं लागेल की इथला करंट कुठून येतो आणि कोणत्या नियमाने बदलतो. सुदैवाने त्याची सामग्री हाताशी आहे. आजचा प्रत्येक चांगला संगणकीय रिले फॉल्टच्या क्षणाचे नमुने जपून ठेवतो, आणि ते संगणकावर उतरवून घेता येतात. वळवाच्या पावसातला, पेटलेल्या पाचटावरचा, गळिताच्या हंगामातला आणि भर दुपारच्या उन्हातला फॉल्ट, या चारींच्या नोंदी शेजारी ठेवून तपासणं हे जिल्ह्यातल्या पॉलिटेक्निकच्या मुलांना जमण्यासारखं काम आहे. त्यासाठी लागणारं गणित या प्रकरणातल्या पाच नमुन्यांच्या बेरीज-वजाबाकीपासून सुरू होतं. ग्रामीण महाराष्ट्रातल्या तारांवर कोणते नवे नियम लागू होत आहेत, याचं उत्तर त्या तारांखाली राहणाऱ्या अभियंत्यांनी शोधलं, तर ते सर्वांत लवकर आणि सर्वांत अचूक मिळेल.